इंडेक्स टाकला तरी पोस्टग्रेस ढुंकून बघत नाही, आणि जिथे वापरतो तिथेच अडकून बसतो

बिल्टीवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. आधीच सगळं सांगून टाकतो म्हंजे कोणी "अजून माहिती द्या" म्हणायला नको. देवास नाक्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे सॉफ्टवेअर सांभाळतो, सांभाळतो म्हंजे एकटाच आहे, कोड पण मीच लिहितो आणि प्रिंटरमधे कागद अडकला तरी मलाच हाक येते. डेटाबेस पोस्टग्रेस १५ आहे. सर्व्हर म्हणाल तर जिन्याखालच्या केबिनमधलं जुनं मशीन, ८ जीबी रॅम, एसएसडी वगैरे काही नाही, साधी फिरणारी हार्ड डिस्क. पॅरलल वर्कर (एकच क्वेरी वाटून घेऊन चालवणाऱ्या प्रोसेस) बंद ठेवलेत कारण चालू केले की बुकिंग काउंटरवाले ओरडतात.

बिल्टीच्या, म्हंजे मालाच्या बुकिंग पावतीच्या, टेबलात ४८ लाख रेकॉर्ड आहेत. स्टेटस कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे, मी स्वतः टाकलाय, आहे हे दहादा तपासलंय.

आता गंमत बघा. स्टेटस = 'पेंडिंग' दिलं तर इंडेक्स वापरतो, एका झटक्यात उत्तर. तीच क्वेरी, तोच इंडेक्स, फक्त 'डिलिव्हर्ड' लिहिलं आणि भाड्याची बेरीज मागितली की सीक्वेन्शियल स्कॅन, कॉस्ट (त्याचा मेहनतीचा अंदाज) साधारण १ लाख ८० हजार दाखवतो आणि अख्खं टेबल चाळत बसतो. शेठ म्हणतात इंडेक्स नसेल नीट, परत टाक. दोनदा ड्रॉप करून परत टाकला. काही फरक नाही.

दुसरी गोष्ट तर याच्या एकदम उलटी. गेल्या आठवड्यात 'पीओडी बाकी' असं नवीन स्टेटस सुरू केलं, म्हंजे माल पोचला पण पोच पावती आली नाही अशा जुन्या बिल्ट्या वेगळ्या काढायच्या होत्या. रात्री स्क्रिप्ट चालवून अशा २ लाख १० हजारच्या आसपास बिल्ट्यांचं स्टेटस बदललं. सकाळी त्यांचा रिपोर्ट काढला, तो ट्रॅकिंगच्या टेबलाशी जोडलेला आहे (त्यात दीड कोटी ओळी आहेत), तर अठरा-वीस मिनिटं लागली. आणि एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) बघितलं तर यात दोन्हीकडे इंडेक्स वापरतोय! डिस्कचा करकर करकर आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येत होता, ड्रायव्हर लोक विचारायला लागले की आत काय दळण चालू आहे.

म्हंजे जिथे हवा तिथे वापरत नाही आणि जिथे वापरतो तिथे जीव काढतो. हा प्लॅनर, म्हंजे क्वेरीचा रस्ता निवडणारा पोस्टग्रेसमधला भाग, ठरवतो तरी कसं?

छप्पनदुकान

भिया सोपं आहे. रँडम पेज कॉस्ट (उडी मारून पान आणायचा रेट) ४ असेल तुझी, ती १.१ कर, इंडेक्स वापरायला लागेल. नाहीच ऐकलं तर सीक्वेन्शियल स्कॅनचा स्विच ऑफ करून टाक. आमच्याकडे हेच केलं, दोन वर्षं झाली, कटकट नाही.

रामबागकर

छप्पन, तुमच्याकडे एसएसडी असणार. याच्याकडे फिरणारी डिस्क आहे, याला १.१ सांगणं म्हंजे पोट दुखतंय त्याला अजून दोन प्लेट कचोरी खायला लावण्यासारखं आहे. का ते खाली येतंच.

बिल्टीवाले दादा, तुमच्याच धंद्यातलं सांगतो. माझ्या काकांचा लोहामंडीत ट्रान्सपोर्टचा गाळा होता, कॉम्प्युटरच्या आधीचा काळ. बिल्ट्यांचे गठ्ठे बांधून माळ्यावर टाकलेले असायचे, आल्या तशा, बुकिंगच्या क्रमाने. आणि खाली गादीवर एक लांबडं रजिस्टर, त्यात पार्टीच्या नावावर कोणत्या गठ्ठ्यात कोणती बिल्टी ते लिहिलेलं. कोणी येऊन म्हणालं की अमक्याच्या तीन बिल्ट्या दाखवा, तर मुनीमजी रजिस्टर बघून पोऱ्याला वर चढवायचे, तीन गठ्ठे खाली. पण दिवाळीला हिशोब करायचा तेव्हा? तेव्हा रजिस्टर कोणी उघडत नसे. सगळे गठ्ठे ओळीने उतरवायचे आणि एका बाजूने सुरू. कारण शंभरातल्या शहाण्णव बिल्ट्या बघायच्याच आहेत तर दर बिल्टीला रजिस्टर बघून शिडी चढणं हा मूर्खपणा आहे.

रजिस्टर म्हंजे इंडेक्स, गठ्ठा म्हंजे पोस्टग्रेसचं ८ केबीचं पान. प्लॅनर विचारतो ते एवढंच की रजिस्टर बघून किती पानं उचलावी लागतील आणि सरळ चाळलं तर किती. इंडेक्स आहे का हा प्रश्न त्याला पडतच नाही, तो आहे हे त्याला माहीत असतं.

आता तुमचे आकडे. एका पानावर साधारण ४० बिल्ट्या धरल्या तर ४८ लाखांची १ लाख २० हजार पानं होतात. ओळीने पान वाचायची कॉस्ट १, म्हंजे १,२०,०००. प्रत्येक ओळ हाताळायला ०.०१, त्याचे ४८,०००. प्रत्येक ओळीवर स्टेटसची तुलना करायला ०.००२५, त्याचे १२,०००. बेरीज करा, १ लाख ८० हजार. तुम्हाला दिसलेला आकडा कुठून आला ते हेच आहे, जादू काही नाही, सगळे डीफॉल्ट रेट आहेत आणि सेटिंगमधे दिसतात.

पेंडिंग किती असतील, नऊ-दहा हजार? ९,६०० धरा. वाईटात वाईट, प्रत्येक बिल्टी वेगळ्या पानावर, इकडून तिकडून उडी मारून पान आणायची कॉस्ट ४, झाले ३८,४०० आणि वर थोडं किरकोळ. १ लाख ८० हजारपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून इंडेक्स. डिलिव्हर्ड ९६ टक्के असतील तर ४६ लाख ओळी, त्या सगळ्या पानांवर पसरलेल्या, प्रत्येक पान एकदाच आणलं असं समजलं तरी १,२०,००० गुणिले ४ म्हंजे ४ लाख ८० हजार. कशाला घेईल तो इंडेक्स? तुम्ही घ्याल का?

मधे अजून एक प्रकार आहे, बिटमॅप स्कॅन, २००५ च्या ८.१ पासून. त्यात मुनीमजी आधी रजिस्टरवरून कोणकोणते गठ्ठे लागतील त्याची चिठ्ठी करतात, चिठ्ठी गठ्ठ्याच्या नंबरप्रमाणे लावतात, मग पोऱ्या एकदाच चढतो आणि ओळीने काढत जातो. त्यामुळे "इतके टक्के झाले की इंडेक्स सुटतो" असा एक ठराविक आकडा लोक सांगतात ना, पाच टक्के, वीस टक्के, तो पोस्टग्रेसमधे कुठे लिहिलेलाच नाहीये. ओळी टेबलात कशा पसरल्यात त्यावर तो सरकतो.

थोडक्यात तुमच्या पहिल्या प्रश्नात प्लॅनर बरोबर आहे आणि शेठ चूक आहेत. त्यांना कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

बिल्टीवाला_इंदूर

रामबागकर काय समजावलंत, काकांच्या गाळ्यासकट डोळ्यासमोर आलं. पहिलं पटलं. पण मग दुसऱ्यात काय झालं? २ लाख १० हजार म्हंजे जेमतेम साडेचार टक्के, तिथे तर इंडेक्स घेतला ते बरोबरच केलं ना? मग वीस मिनिटं का?

जुना_डीबीए

तुझ्या पहिल्या पोस्टमधेच उत्तर आहे, करकर आवाज. ओळीने वाचताना डिस्क असा आवाज करत नाही, डोकं इकडून तिकडे उड्या मारतं तेव्हा करते. कान चांगले आहेत तुझ्या ड्रायव्हरांचे.

नुसतं एक्स्प्लेन नको, एक्स्प्लेन ॲनालाइझ चालव, ते क्वेरी खरंच चालवून मोजतं. वेळ लागेल, लागू दे, चहा पिऊन ये. मग प्रत्येक पायरीवर दोन आकडे दिसतील, प्लॅनरला किती ओळी वाटल्या आणि खरंच किती निघाल्या. कॉस्टकडे बघूच नकोस आधी. ते दोन आकडे इथे टाक.

बाकी शेठना दोष देऊ नका. त्यांच्यासारखे लोक जुन्या जमान्यात शिकलेत. मी ओरॅकलवर सुरुवात केली तेव्हा रूलवाला ऑप्टिमायझर (तिथला प्लॅनर) होता, पंधरा नियमांची उतरंड ठरलेली, इंडेक्स चालत असेल तर घ्यायचाच, टेबलात दहा ओळी आहेत का दहा कोटी ते विचारायचं नाही. १९९२ ला ओरॅकल ७ मधे कॉस्टवाला आला तरी आम्ही कित्येक वर्षं त्याला घाबरून जुनाच चालवायचो, १०जी ला त्याचा सपोर्ट काढला तेव्हा कुठे सुटला. "इंडेक्स टाक म्हंजे पळेल" ही समजूत तिथली. आणि कॉस्टची कल्पना तर त्याच्याही आधीची, १९७९ चा आयबीएमच्या सॅन होजे लॅबमधल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांचा पेपर, सिस्टम आर या त्यांच्या प्रायोगिक डेटाबेसवरचा. त्यात सुद्धा माहिती नसली तर काय करायचं याचं उत्तर होतं: कॉलमवर इंडेक्स नसेल तर बरोबर-चिन्हाच्या अटीला सरळ एक दशांश ओळी धरा. का दहा? काहीतरी धरायला हवं म्हणून. बरं, आकडे टाक.

बिल्टीवाला_इंदूर

काका हे घ्या. बिल्टीच्या इंडेक्स स्कॅनवर: अंदाज १ ओळ, प्रत्यक्षात २,०९,८१४. वर नेस्टेड लूप (एका टेबलाच्या दर ओळीमागे दुसऱ्या टेबलात जाऊन बघणं) आहे. ट्रॅकिंगच्या इंडेक्स स्कॅनपुढे लूप्स २,०९,८१४ असं येतंय.

१ ओळ?? एक??

जुना_डीबीए

हो, एक. शून्य दाखवायची त्याला परवानगी नाही म्हणून एक दाखवतो.

प्लॅनर क्वेरीच्या वेळेला टेबल उघडून मोजत नाही, तेवढा वेळ असता तर क्वेरीच चालवून टाकली असती. तो ॲनालाइझ या वेगळ्या कमांडने काढून ठेवलेल्या नोंदी बघतो, पीजी स्टॅट्स नावाच्या तक्त्यात तुला पण दिसतील: सगळ्यात जास्त येणाऱ्या किमती (म्हंजे कॉलममधल्या व्हॅल्यू) आणि त्यांचं प्रमाण, बाकीच्यांचा हिस्टोग्राम (त्या कशा पसरल्यात ते), वेगळ्या किमती किती, आणि टेबलातला क्रम त्या कॉलमशी किती जुळतो. या नोंदी सुद्धा सगळं टेबल वाचून नाही, डीफॉल्टला ३०,००० ओळींचा नमुना उचलून, टेबल लाखाचं असो का अब्जाचं.

तुझ्या स्टेटसच्या जुन्या नोंदीत पाच-सहा किमती असतील, डिलिव्हर्ड ०.९६, बाकीचे चिल्लर, बेरीज पूर्ण १. आता तू 'पीओडी बाकी' विचारलंस. यादीत नाही. यादीबाहेर उरलं किती? काहीच नाही. म्हंजे अशा ओळी जवळपास शून्य, म्हणून १. त्याच्या बाजूने अगदी बिनतोड हिशोब आहे, फक्त यादी गेल्या आठवड्यातली आहे.

मग पुढचं ओघाने आलं. बिल्टी एकच असेल तर ट्रॅकिंगमधे एकदाच इंडेक्सने जाऊन यायचं, याहून स्वस्त काय असणार, म्हणून नेस्टेड लूप. प्रत्यक्षात दोन लाख दहा हजार वेळा गेला. जुन्या बिल्ट्या, त्यांचं ट्रॅकिंग सगळ्या डिस्कभर विखुरलेलं, दर खेपेला डोकं हलवायचं. ७२०० च्या डिस्कला नुसती अर्धी फेरी व्हायला ४ मिलिसेकंद लागतात, काही पानं रॅममधे सापडली असतील, सरासरी ५ धर. २,१०,००० गुणिले ५ मिलिसेकंद, १,०५० सेकंद. साडेसतरा मिनिटं. जुळलं?

आणि आता छप्पनला विचार १.१ केलं असतं तर काय झालं असतं. कागदावर उडी स्वस्त झाली असती, डिस्कला ते कोणी कळवलं नसतं. ४ हा आकडा सुद्धा डिस्कच्या मानाने उदारच आहे, मॅन्युअलमधे लिहिलंय की यात रँडम वाचन खरं तर चाळीसपट महाग धरलंय पण दहातली नऊ पानं कॅशमधे सापडतील ही आशा आहे.

छप्पनदुकान

बरं काका मान्य, आमचं एसएसडीच आहे 😅 पण सीक्वेन्शियल स्कॅन ऑफ करण्यात काय वाईट

रामबागकर

ते ऑफ केल्याने बंद होत नाही, १५ मधे नुसती त्याच्या कॉस्टमधे एक हजार कोटी मिळवले जातात. तपासायला छान आहे, आपल्या सेशनपुरतं ऑफ करून बघायचं की इंडेक्सने गेला असता तर खरंच किती वेळ लागला असता, बहुतेक वेळा आपलंच तोंड बंद होतं. पण कॉन्फिगमधे कायमचं टाकणं म्हंजे शिडी काढून घेतली आणि दिवाळीचा हिशोब रजिस्टरवरून करा म्हणालो.

बिल्टीवाला_इंदूर

पण ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप होणारी साफसफाई) चालू आहे ना, ते आपोआप ॲनालाइझ करतं असं वाचलं होतं. मग त्याने का नाही केलं?

जुना_डीबीए

करतं, पण ५० अधिक टेबलाच्या १० टक्के ओळी बदलल्या की. तुझ्या ४८ लाखांचे १० टक्के ४ लाख ८० हजार. तू बदलल्यास २ लाख १० हजार. अर्ध्या रस्त्यात आहे बिचारा, अजून २ लाख ७० हजार बदलायची वाट बघतोय. लहान टेबलाला हा नियम ठीक, मोठ्याला ढिला. त्या एका टेबलापुरता ॲनालाइझचा स्केल फॅक्टर (तो १० टक्केवाला आकडा) ०.०२ करून टाक, आणि त्याहून महत्त्वाचं, रात्रीच्या स्क्रिप्टच्या शेवटी कमिटनंतर ॲनालाइझ बिल्टी ही एक ओळ लिही. एवढी मोठी उलथापालथ तू स्वतः केलीस तर कळवायचं काम पण तूच कर.

बडोद्याची_माई

उशिरा आले, बडोद्याहून. दादा, ती डिलिव्हर्डची बेरीज खरंच आजवरच्या सगळ्या बिल्ट्यांची हवी असते का? मला शंका आहे की महिन्याची हवी असेल आणि महिन्याची अट अशी काहीतरी लिहिली असेल की टू कॅर (वेळेचा मजकूर बनवणारं फंक्शन) लावून बुकिंगच्या वेळेतून वर्ष-महिना काढला आणि तो '२०२५-०६' च्या बरोबर आहे का बघितलं. आमच्याकडे प्रत्येक नवीन मुलगा हेच करतो.

बिल्टीवाला_इंदूर

ताई तुम्ही माझ्या खिडकीतून बघताय का? अगदी तसंच आहे, अक्षर न अक्षर. पहिल्या पोस्टमधे सोपं करून लिहिलं म्हणून ती अट टाकली नव्हती, बुकिंगच्या वेळेवर पण इंडेक्स आहे.

बडोद्याची_माई

मग एक गंमत करा. फक्त ती महिन्याची अट ठेवून एक्स्प्लेन बघा, अंदाज २४,००० च्या आसपास दाखवेल. कुठलाही महिना टाका, नसलेला महिना टाका, '१८५७-०५' टाका, २४,०००च. कारण कॉलम फंक्शनमधे गुंडाळला की त्या गुंडाळीच्या नोंदी त्याच्याकडे नसतात, मग तो वेगळ्या किमती २०० असतील असं धरून चालतो, ४८ लाख भागिले २००. अंदाजपंचे दाहोदरसे! ओळींना २०० ने भागल्यावर येणारा असा आकडा दिसला की समजायचं, याला काही माहीत नाही आणि हा तोंड सांभाळतोय.

आणि इंडेक्स तर वापरताच येणार नाही. तुमचं रजिस्टर बुकिंगच्या वेळेप्रमाणे लावलंय, तुम्ही विचारताय वेळेवरून बनवलेल्या मजकुराबद्दल, ते त्यात कुठे लिहिलंय? टू कॅरवरच इंडेक्स टाकू म्हणाल तर पोस्टग्रेस नाकारतो, कारण ते फंक्शन सेटिंगप्रमाणे वेगळं उत्तर देऊ शकतं, आणि इंडेक्समधे कायम तेच उत्तर देणारं फंक्शनच चालतं.

सरळ लिहा: बुकिंग वेळ १ जून किंवा नंतरची, आणि १ जुलैच्या आधीची. बिट्वीन मधे १ जून ते ३० जून लिहू नका, ३० तारखेच्या रात्री बारानंतरच्या, म्हंजे त्या पूर्ण दिवसाच्या बिल्ट्या गळतात आणि मग अकाउंटवाले तुमच्यामागे लागतात (स्वानुभव, पूर्ण एप्रिल त्यात गेला माझा). हे लिहिलं की हिस्टोग्राम उपयोगी पडतो, अंदाज खऱ्याच्या जवळ येतो. शिवाय बिल्ट्या आल्या त्या क्रमानेच टेबलात पडल्यात, तेव्हा जूनच्या बहुतेक एकमेकींना लागून असणार. हजारो ओळी असल्या तरी पानं थोडी आणि जवळजवळ सलग, पीजी स्टॅट्समधे कोरिलेशन (क्रम किती जुळतो ते) बघा, १ च्या जवळ असेल. याच कारणाने तुमच्याच टेबलात तारखेचा इंडेक्स खूप ओळींना पण परवडतो आणि स्टेटसचा परवडत नाही.

बिल्टीवाला_इंदूर

सगळ्यांना रिपोर्ट देतो. काल रात्री ॲनालाइझ चालवलं, या डिस्कवर दीडेक मिनिट लागलं. लगेच पीओडीचा प्लॅन बदलला, नेस्टेड लूप जाऊन हॅश जॉइन (दोन्ही टेबलं एकेकदाच वाचून जोडणं) आला, अंदाज २ लाख ४ हजार, म्हंजे बराच जवळ. आणि मजा म्हंजे आता ट्रॅकिंगवर सीक्वेन्शियल स्कॅन करतोय, दीड कोटी ओळी सरळ वाचतोय आणि २६ सेकंदात संपवतोय. अठरा मिनिटांवरून २६ सेकंद, इंडेक्स सोडून! डिस्क पण गप्प.

माईताई, '१८५७-०५' टाकून बघितलं, २४,००० च्या आसपासच आले 😂 तारीख तुम्ही सांगितली तशी केली, जूनचा अंदाज ५९ हजार, प्रत्यक्षात ६१ हजार आणि काही, सव्वीसशे मिलिसेकंदात बेरीज हातात.

सकाळी शेठ आले, रिपोर्ट बघितला, खूश. म्हणाले, "बघ, मी म्हटलं होतं ना, इंडेक्स परत टाक म्हणून."

रामबागकर

मग काय म्हणालात?

बिल्टीवाला_इंदूर

हो म्हणालो. तेवढ्यात प्रिंटर अडकला.